पार्श्वभूमी : जेवणानंतर उतरणारी साखर आणि बाद ठरलेली चाचणी

सकाळी नऊला पोहे आणि गोड चहा, आणि साडेअकराला दरदरून घाम, हातांना कंप, पोटात खड्डा पडल्यासारखी भूक. काहीतरी तोंडात टाकलं की दहा-पंधरा मिनिटांत माणूस ठीक. अशी तक्रार घेऊन गेलेल्यांचं आपल्याकडे साधारण एकच होतं. आधी बीपी लो झालं असेल म्हणतात, मग ॲसिडिटी, मग थायरॉइड, आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल आले की टेन्शन. फास्टिंग आणि पीपी या जोडीत ही गोष्ट सापडत नाही, कारण पीपीचं रक्त जेवणानंतर दोन तासांनी घेतात आणि रिॲक्टिव्ह हायपोग्लायसेमियात, म्हणजे खाल्ल्यानंतर साखर उतरण्याच्या या त्रासात, ती बहुतेक वेळा त्यानंतर, पाचव्या तासापर्यंत कधीही उतरते. एचबीए१सी तीन महिन्यांची सरासरी सांगतं, अर्ध्या तासाची घसरण त्यात दिसत नाही.

याच्या उलट चूकही तितकीच होते. पीपीचा आकडा फास्टिंगपेक्षा कमी आला की लगेच हे निदान चिकटवलं जातं. निरोगी माणसातही असा आकडा येतो. लक्षणं नसतील तर त्याला आजार म्हणायचं कारण नाही.

निदान दोन्ही बाजूंनी का चुकतं, हे समजून घ्यायला गेल्या शतकातल्या एका चाचणीकडे जावं लागतं. इन्सुलिन १९२२ साली वापरात आलं आणि त्याचा डोस जास्त झाला की काय होतं हे डॉक्टरांनी पाहिलं. इन्सुलिन न घेणाऱ्या रुग्णांतही हुबेहूब तीच लक्षणं दिसतात, असं अमेरिकेतल्या अलाबामामधल्या एका डॉक्टरने १९२४ साली छापलं. साखर टाळा, थोडं थोडं आणि वारंवार खा, हा त्यांचा सल्ला आजही बराचसा तसाच दिला जातो. पुढे १९३०च्या दशकात न्यूयॉर्कच्या एका सर्जनने तीन अटी घातल्या : लक्षणं हवीत, त्याच वेळी रक्तातली साखर कमी हवी, आणि साखर दिल्यावर लक्षणं जायला हवीत. इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडात गाठ असल्याच्या संशयावरून कोणाचं पोट उघडायचं, हे ठरवण्यासाठी त्या अटी होत्या. जेवणानंतरच्या त्रासालाही त्या लागू पडतात, हे मान्य व्हायला मात्र फार वर्षं गेली.

मधल्या काळात राज्य होतं पाच तासांच्या ग्लुकोज टॉलरन्स टेस्टचं. रात्रभर उपाशी असलेल्या माणसाला ७५ किंवा १०० ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला द्यायचं आणि पाच तास, कधी सहा तास, दर अर्ध्या-एक तासाने रक्त घ्यायचं. घोट घशाखाली उतरवणंही कठीण, इतकं ते पाणी गोड. त्यात ना भाकरी, ना डाळ, ना तेलाचा थेंब. असं नुसतं ग्लुकोज रिकाम्या पोटी कोणीही रोज पीत नाही. तरी चौथ्या तासाला साखरेचा आकडा ५०च्या (मिग्रॅ प्रति डेसिलिटर) खाली गेला की निदान पक्कं. १९६० आणि ७०च्या दशकांत अमेरिकेत थकवा, नैराश्य, दारूचं व्यसन, मुलांचा व्रात्यपणा, सगळ्याचं मूळ कमी साखरेत शोधलं जाऊ लागलं. ॲड्रिनल ग्रंथीच्या अर्काची इंजेक्शनं देणारे दवाखानेही निघाले.

या लाटेला आवर घालण्यासाठी १९७३ साली तिथल्या तीन वैद्यकीय संघटनांनी एकत्र निवेदन काढलं. हे निदान गरजेपेक्षा फार जास्त होतं आहे, आणि नैराश्य, थकवा, ॲलर्जी, व्यसनं यांचं कारण कमी साखर असल्याचा पुरावा नाही, असं त्यात होतं. त्यातल्याच एका संघटनेने १९२४ची नोंद करणाऱ्या त्या डॉक्टरचा १९४९ साली मानपदक देऊन गौरव केला होता, आणि हा आजार मानणाऱ्या मंडळींनी पुढे कित्येक वर्षं त्याची आठवण करून दिली. १९७४ साली एका नामवंत नियतकालिकात लेख आला. त्याच्या शीर्षकाचा आशयच असा होता की साथ पसरली आहे ती साखर कमी नसण्याची.

शास्त्र म्हणून ही भूमिका पुढे बरोबर ठरली. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६५० जणांच्या अशा चाचण्या तपासल्या, तर लक्षणं नसलेल्यांतही दर दहांत एकाचा सर्वांत खालचा आकडा ४७ किंवा त्याहून कमी निघाला. म्हणजे ही चाचणी चांगल्याभल्या माणसालाही रोगी ठरवत होती. त्याच सुमाराच्या आणखी दोन अभ्यासांत, ग्लुकोज प्यायल्यावर ज्यांची साखर कोसळली होती त्यांना नेहमीसारखं मिश्र जेवण दिलं. जेवणानंतर साखर पडलीच नाही. १९८६ साली रोममध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी या निदानासाठी ही चाचणी वापरू नये असं ठरवलं आणि रोजच्या जगण्यात, लक्षणं आली असताना रक्त तपासावं असं सुचवलं. २००९च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही त्याच वाटेने गेल्या : आधी त्या तीन अटी, त्रास जेवणानंतरच होत असेल तर मिश्र आहाराची चाचणी, आणि मधुमेह नसलेल्यांची साखर कमी म्हणायची ती ५५च्या खाली.

निर्णय योग्य होता, हे मला मान्य आहे. त्याची अंमलबजावणी ज्या पद्धतीने झाली ती मात्र पटत नाही. चाचणी काढून घेतली, पण तिच्या जागी जे द्यायचं ते दवाखान्यापर्यंत पोहोचलंच नाही. मिश्र आहारात नेमकं काय आणि किती असावं, याचं सर्वमान्य प्रमाण ठरलं नाही. पाच तास बसवून घेणारी, लक्षणं दिसताच रक्त घेणारी लॅब गावात सोडाच, शहरातही शोधावी लागते. आणि १९७३च्या निवेदनाचं सार डॉक्टरांच्या डोक्यात एवढंच उरलं की असं सांगणारे रुग्ण बहुधा मनाने खचलेले असतात. निवेदनाचा रोख खोट्या निदानावर होता. किंमत मोजली ती ज्यांची साखर खरंच उतरत होती त्यांनी, आणि ज्यांची उतरत नव्हती पण त्रास खरा होता त्यांनीही.

वारं फिरलं ते २००५ साली. वजन कमी करण्यासाठी जठराचं बायपास ऑपरेशन झालेल्या सहा रुग्णांची नोंद अमेरिकेतल्या मिनेसोटामधून प्रसिद्ध झाली. जेवणानंतर त्यांची साखर इतकी घसरत होती की भान हरपायचं. त्यांच्या स्वादुपिंडाचा काही भाग काढावा लागला. तिथल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी खरंच वाढल्या होत्या का, यावर पुढच्याच वर्षी वाद झाला आणि ऑपरेशनचा उत्साह ओसरला. पण इतकी वर्षं मनाचा खेळ म्हणून बाजूला सारलेलं दुखणं प्रयोगशाळेत मोजता येतं, हे सिद्ध झालं. हा त्रास बहुधा ऑपरेशननंतर वर्ष उलटल्यावर सुरू होतो. मुंबई-पुण्यात ही ऑपरेशनं आता नेहमीची झाली आहेत, पण तोवर रुग्णाचं सर्जनकडे जाणं थांबलेलं असतं आणि फॅमिली डॉक्टर दोन्हींचा संबंध जोडत नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट विचारायला हवी. तळपायांच्या मुंग्यांसाठी दिल्या जाणाऱ्या कितीतरी कॅप्सूलमध्ये मिथाइलकोबालामिनच्या (बी-१२ जीवनसत्त्वाच्या) जोडीला अल्फा लिपोइक ॲसिड असतं. इन्सुलिनविरोधी अँटिबॉडीमुळे साखर उतरण्याचा आजार १९७० साली जपानमध्ये नोंदला गेला. क्वचित काही जणांत अल्फा लिपोइक ॲसिड तो सुरू करतं. कॅप्सूल म्हणजे ताकदीची गोळी, असं धरून रुग्ण तिचं नावच सांगत नाहीत.

घरच्या ग्लुकोमीटरने कोंडी अर्धीच फोडली. २०१३च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १००च्या खालच्या आकड्यांत १५ अंक इकडे-तिकडे चालतात, तेव्हा यंत्रावरचा ६० प्रत्यक्षात ४५ असेल किंवा ७५. लॅबचं रक्तही बिनचूक नसतं. साध्या नळीत ते तासभर पडून राहिलं तरी त्यातली पाच-सात टक्के साखर पेशीच खाऊन टाकतात. म्हणून फ्लोराइडची करड्या बुचाची नळी लागते, आणि तिचाही परिणाम पूर्ण व्हायला तासाहून अधिक वेळ जातो. घरी येऊन रक्त घेणारा मुलगा पुढच्या दहा घरी जाऊन मग लॅबमध्ये पोहोचत असेल, तर कमी आलेल्या आकड्यावर विसंबण्याआधी नळी किती वेळ फिरली ते विचारावं.

साखर सतत मोजणारे, दंडाला चिकटवायचे सेन्सर आल्यापासून जुनाच पेच नव्या रूपात आला आहे. निरोगी माणसांवरच्या २०१९च्या एका अभ्यासात त्यांची साखरही दिवसातून साधारण १५ मिनिटं ७०च्या खाली दिसली. त्या दंडावर झोपलं तरी सेन्सर खोटी घसरण दाखवतो. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी असा सेन्सर चिठ्ठीविना विकायला परवानगी दिली, आणि आता आलेख घेऊन डॉक्टरकडे जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे. आलेखाचा खरा उपयोग एवढाच की त्रासाची वेळ कळते. त्या वेळी लक्षणं चालू असताना शिरेतून घेतलेलं रक्त, त्याच नमुन्यावर इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत तयार होणारा घटक), आणि खाल्ल्यानंतर किती मिनिटांत बरं वाटलं याची नोंद, एवढं हाती आल्याशिवाय हो किंवा नाही, दोन्ही म्हणता येत नाही.