क्लब की क्लास : शाळेनंतरच्या प्रोग्रामिंगची पार्श्वभूमी

सांगली-साताऱ्यात शनिवारची सकाळची शाळा आटोपल्यावर मुलांना प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या क्लबांची हकीकत स्क्रॅच या, पडद्यावर ठोकळे जोडून प्रोग्राम करण्याच्या, भाषेतल्या मांजरापासून सांगण्याची पद्धत आहे. ती अपुरी आहे, कारण या भागात मुलांच्या आधी त्यांचे पालक संगणकासमोर बसले आणि त्यांच्या शिकण्याच्या रीतीची छाप मुलांच्या क्लबवर अजून आहे.

१९६७ मध्ये अमेरिकेत मुलांसाठी लोगो ही भाषा तयार झाली. कासवाला ‘पन्नास पुढे, नव्वद अंश उजवीकडे’ असे चारदा सांगितले की चौरस उमटतो, एवढ्यात तिचे मर्म आले. भारतात १९८४ मध्ये निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. मात्र जिल्ह्यातल्या बहुतेक शाळांपर्यंत त्यातले काही पोहोचले नाही.

खरी हालचाल २००१ नंतरची. त्या वर्षी राज्यात संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला, त्याचे प्रमाणपत्र सरकारी नोकरीला लागू लागले आणि तालुक्याच्या गावीही केंद्रे निघाली. कित्येक ठिकाणी टायपिंगच्या संस्थेतच चार संगणक बसले. दाराबाहेर चपला काढायच्या, मॉनिटरवरचे कापडी आच्छादन घडी करून ठेवायचे आणि भारनियमनाची वेळ झाली की यूपीएसची पीप-पीप सुरू होण्याआधी फाईल सेव्ह करायची, असा तिथला शिरस्ता होता. संगणक शिकणे म्हणजे फी, ठरलेली बॅच, परीक्षा आणि लॅमिनेशन केलेले प्रमाणपत्र, हे समीकरण त्या खोल्यांत पक्के झाले. प्रोग्रामिंगचा त्यात जवळजवळ पत्ता नव्हता.

‘क्लब’ या शब्दाचा घोळ इथूनच सुरू होतो. आयर्लंडमधील कॉर्क येथे २०११ मध्ये आणि ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये ज्या दोन चळवळी उभ्या राहिल्या, त्यांनी मुलांकडून पैसे घ्यायचे नाहीत, परीक्षा ठेवायची नाही आणि शिकवणारे स्वयंसेवक असावेत, अशी घडी बसवली. आपल्याकडे शाळेनंतर जे भरते त्याला ‘क्लास’ म्हणतात, आणि क्लास म्हटला की निकाल आला. त्यामुळे क्लब चालवणाऱ्यांपुढे फीचा प्रश्न उभा राहिला. फुकट ठेवले तर पालक त्याला खेळ समजून घटक चाचणीच्या आठवड्यात मुलांना घरी बसवतात. नाममात्र फी घेतली तर पहिल्याच महिन्यात ‘सर, सर्टिफिकेट कधी?’ अशी विचारणा होते. अनेकांनी फीचा मार्ग पत्करला. जागेचे भाडे आणि विजेचे बिल पाहता त्यांना दोष देणे सोपे नाही, तरी प्रस्तुत लेखकाच्या मते या निर्णयाने क्लबचा प्राण बराचसा गेला.

कारण क्लबमध्ये जे घडते ते परीक्षेत मावत नाही. सांगलीच्या एका क्लबमध्ये सहावीतल्या मुलीने कृष्णेतल्या मगरीला चुकवत नाव पलीकडे नेण्याचा खेळ स्क्रॅचमध्ये केला होता. तिची मगर पडद्याच्या कडेला जाऊन तिथेच अडकत असे. कडेला लागल्यास उलट फिरण्याचा ठोकळा जोडावा लागतो, हे तिला कोणी शिकवले नाही. शेजारच्या मुलाचा चेंडू कडेवरून परत येताना दिसला, तेव्हा तिने त्याचे ठोकळे वाकून पाहिले. बॅचमध्ये याला नक्कल म्हणतात.

२०२० मध्ये दोन गोष्टी एकदम आल्या. नव्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचा उल्लेख केला, आणि टाळेबंदीत घरी बसलेल्या मुलांच्या पालकांवर ऑनलाइन शिकवणीच्या जाहिरातींचा मारा झाला. त्यांतल्या काही जाहिराती आक्षेपांनंतर मागे घ्याव्या लागल्या, पण ‘कोडिंग’ हा शब्द घराघरांत राहिला आणि पाठ्यपुस्तकी ‘आज्ञावली’ मागे पडली. शाळा पुन्हा उघडल्यावर काही क्लबांनी पाटी बदलून ‘कोडिंग क्लासेस’ अशी केली. मुले मात्र अजूनही घरून निघताना ‘क्लबला जातो’ असेच सांगतात.