चॅट्सवर्थचा दुपारचा चहा : निघण्यापूर्वी एवढं वाचा

नमस्कार,

इंग्लंड सहलीचं वेळापत्रक हातात पडलं की सहाव्या दिवसाबद्दल, म्हणजे चॅट्सवर्थ या ड्यूकांच्या वाड्यावरच्या दुपारच्या चहाबद्दल, हमखास फोन येतात. "तिथं नुसता चहा? आणि त्यासाठी अख्खी दुपार?" प्रश्न रास्त आहे. आपल्याला चहा कोपऱ्यावर उभ्याउभ्या मिळतो, दोन घोटांत संपतो आणि आपण कामाला लागतो. म्हणून सहलीला येणाऱ्या सगळ्यांसाठी हे पत्रक काढलं आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. त्या दिवशी दुपारचं जेवण वेगळं नाही. हा चहा हेच जेवण आहे.

पहिल्या वर्षी आम्ही हे नीट सांगितलं नव्हतं. सकाळी हॉटेलात भरपेट नाश्ता झाला, बसमध्ये चिवड्याचे डबे फिरले आणि दुपारी समोर तीन मजली ताटं आल्यावर अर्धी मंडळी कसनुशी हसत बसली. त्यात त्या दिवशी संकष्टी होती, तेही आमच्या लक्षात आलं नव्हतं. दोन काकूंनी अख्खी दुपार कोऱ्या चहावर काढली. आता तारखा ठरवताना आम्ही आधी पंचांग बघतो आणि मग विमानाची तिकिटं.

ही पद्धत आली कुठून

आपल्याकडे 'मधल्या वेळचं खाणं' म्हणतात ना, मुळात तेच हे. 1840 च्या सुमाराला इंग्लंडमधल्या बड्या घरांत रात्रीचं जेवण लांबत लांबत सात-आठ वाजेपर्यंत गेलं होतं आणि दुपारचं खाणं अगदीच हलकं असायचं. बेडफर्डच्या सातव्या डचेस (ड्यूक म्हणजे बडा सरदार, त्याची बायको ती डचेस) अ‍ॅना मारिया यांना मधे पोटात खड्डा पडायचा. त्या खोलीतच चहा आणि थोडा पाव-लोणी मागवू लागल्या, मग मैत्रिणींना बोलावू लागल्या, असं सांगतात. या राणी व्हिक्टोरियाच्या खास मर्जीतल्या, त्यामुळे बाकीच्या घरांनी हा प्रकार उचलायला वेळ लागला नाही. त्यांचं घर वोबर्न अ‍ॅबे, बेडफर्डशरमधलं. आपण जातो ते चॅट्सवर्थ वेगळं आणि बरंच उत्तरेला. चहाची पद्धत चॅट्सवर्थला सुरू झाली असं कुणी सांगितलं तर मान हलवा, पण विश्वास ठेवू नका.

त्याच्याही आधीचा एक धागा आपल्या मुंबईला जोडलेला आहे. 1662 मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली. आंदणात मुंबई बेट होतं. चहा लंडनमध्ये त्याआधीच पोचला होता, पण माहेरी चहाची सवय लागलेल्या या राणीमुळे तो दरबारात रुळला आणि मग थोरामोठ्यांच्या घरांत. तेव्हाचा चहा चीनचा. आसामच्या चहाचा लंडनमधला पहिला लिलाव 1839 चा, म्हणजे डचेसबाईंच्या पोटात खड्डा पडू लागला साधारण त्याच काळातला.

आणि हो, याला 'हाय टी' म्हणू नका. आपल्याकडच्या हॉटेलांनी ते नाव फार श्रीमंती करून टाकलंय. इंग्लंडमध्ये हाय टी म्हणजे कामगारवर्गाचं संध्याकाळचं पोटभर जेवण. दिवसभर राबून आल्यावर उंच टेबलाशी बसून खायचं, बरोबर कडक चहा. आपण घेणार तो 'आफ्टरनून टी'. चुकून हाय टी म्हणालात तर कुणी हसणार नाही, इंग्रज माणूस तेवढा सभ्य असतो.

लंडनचं हॉटेल सोडून इतक्या लांब का

लंडनच्या नामांकित हॉटेलांत चहा उत्तम मिळतो. पण तिथं खाऊन उठलं की बाहेर रहदारी. चॅट्सवर्थला चहाच्या आधी आणि नंतर चालायला 105 एकरांची बाग आहे. आमच्या मते या खाण्याची निम्मी चव त्या चालण्यात आहे.

चॅट्सवर्थ डर्बीशरच्या डोंगराळ भागात, डर्वेंट नदीच्या काठी आहे. मँचेस्टरहून बसने साधारण दीड तास. कॅव्हेंडिश घराणं, म्हणजे डेव्हनशरचे ड्यूक, इथं सोळाव्या शतकापासून आहे. ड्यूक डेव्हनशरचे आणि वाडा डर्बीशरमध्ये, हा घोळ दरवर्षी कुणीतरी विचारतंच. किताबातलं नाव आणि जमीन यांचा मेळ असायलाच हवा असं तिकडे नाही. वाड्यात सव्वाशेच्या वर खोल्या आहेत, त्यातल्या थोड्याच आपल्याला बघता येतात. तेवढ्यातच पाय बोलू लागतात.

आपली जागा वाड्यात नाही, शेजारच्या पागेत आहे. नाक मुरडू नका. अठराव्या शतकात बांधलेली ही पागा आपल्याकडच्या एखाद्या संस्थानिकाच्या राजवाड्याच्या तोडीची आहे. मधे मोठा चौक, चारी बाजूंनी दगडी कमानी. घोडे गेले, आता तिथं खानावळी आणि दुकानं आहेत.

ड्यूकांना चहा विकायची वेळ का आली, हेही लोक विचारतात. 1950 मध्ये दहावे ड्यूक वारले तेव्हा मालमत्तेवर 80 टक्के वारसाकर बसला. जमिनी गेल्या, चित्रं गेली, घराण्याचा हार्डविक हॉल हा दुसरा वाडा सरकारला द्यावा लागला. चॅट्सवर्थ राहिलं, आणि त्याचा सांभाळ आज बराचसा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तिकिटांवर आणि खाण्यापिण्यावर चालतो.

बागेत फिरताना जोसेफ पॅक्स्टन हे नाव लक्षात असू द्या. 1826 मध्ये बावीस वर्षांचा हा माळी कामावर रुजू व्हायला पहाटे साडेचारला पोचला. दार बंद होतं, म्हणून भिंतीवरून उडी मारून आत गेला, सगळी बाग पालथी घातली, माणसांना कामाला लावलं आणि नाश्त्याला बसला तो वाड्याच्या कारभारीणबाईंच्या भाचीच्या प्रेमात पडला. हे सगळं नऊ वाजायच्या आत, असं त्यानंच लिहून ठेवलंय. लग्नही तिच्याशीच झालं. पुढे लंडनच्या 1851 च्या प्रदर्शनाचा काचेचा महाल यानंच उभारला.

जळगावकडच्या मंडळींसाठी खास: मॉरिशसहून आलेलं केळीचं एक बुटकं वाण पॅक्स्टननं 1830 च्या दशकात इथल्या काचघरात वाढवलं, फळाला आणलं आणि मालकाच्या नावावरून त्याला 'कॅव्हेंडिश' नाव पडलं. आज जगभर निर्यात होणारी बहुतेक केळी याच गटातली, तुमची बसराई आणि ग्रँड नैनसुद्धा. मागे रावेरचे एक बागायतदार काका आले होते. वाडा त्यांनी दहा मिनिटांत उरकला, आणि उरलेला वेळ काचघरापाशी होते.

तळ्यातलं उंच कारंजं रशियाच्या झारसाठी 1844 मध्ये घाईघाईनं, रात्री कंदिलाच्या उजेडात खपून तयार केलं. झार आलाच नाही. पाणी वरच्या तलावातून निव्वळ उतारानं येतं, पंप नाही. तलावात पाणी कमी असलं की कारंजं बंद ठेवतात, तेव्हा त्याची हमी आम्ही देत नाही.

टेबलावर काय येतं

तीन मजली तबकात खालून वर खात जायचं. खाली सँडविचं, मधे स्कोन, वर केक आणि गोडधोड. आपल्या ताटात डावं-उजवं असतं तसं इथं वर-खाली.

सँडविचं बोटाएवढी, कडा कापलेली. काकडीचं सँडविच बघून बऱ्याच जणांचा चेहरा पडतो. एवढ्या पैशात काकडी? पण एके काळी थंड इंग्लंडात काकडी काचघरात वाढवावी लागे. जिच्या टेबलावर काकडी, तिच्या पदरी माळी आणि काचघर, असा त्याचा अर्थ. पावाला लोणी कडेपर्यंत लावलेलं असतं, नाहीतर काकडीच्या पाण्यानं पाव भिजतो. घरी करून बघाल तेव्हा हे विसरू नका.

स्कोन हा पाव आणि खारी बिस्किटाच्या मधला, गरम यायला हवा असा पदार्थ. उच्चार 'स्कोन' की 'स्कॉन' यावर इंग्रज घराघरांत भांडतात. सुरीनं कापू नका, हातानं आडवा उकला, दोन्ही भागांवर वेगवेगळा जॅम आणि क्लॉटेड क्रीम लावा आणि एकेक अर्धा खा. वडापावसारखा मिटून दाबलात तर साय चारी बाजूंनी बाहेर येईल. क्लॉटेड क्रीम म्हणजे आपली सायच, पण काय साय! मलईदार दूध मंद आचेवर तासन्‌तास ठेवून गार केलं की वर पिवळसर जाड थर धरतो, तो काढतात. विरजण लावत नाहीत, त्यामुळे आंबटपणा नाही. डेव्हनमध्ये आधी साय मग जॅम, कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम मग साय. आपण डर्बीशरमध्ये असणार, तेव्हा मोकळे आहोत.

वरच्या मजल्यावरचं सगळं संपलंच पाहिजे असं नाही. उरलेले केक डब्यात भरून मागायला लाजू नका, तेही मागतात.

आता चहा. किटली, गाळणी आणि थंड दुधाचा छोटा जग येईल. दूध गरम मागितलंत तर आणून देतील, पण आलं घालून उकळलेला चहा मागू नका. मिळणार नाही आणि मिळालाच तर आवडणार नाही. यादीतून आसाम निवडा, दूध-साखर सोसणारा तोच. दार्जिलिंग बिनदुधाचा घ्या. अर्ल ग्रेला बर्गमोट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या तेलाचा वास असतो. काहींना तो देवघरासारखा वाटतो, काहींना साबणासारखा. चहा आधी ओता, दूध नंतर, म्हणजे रंग बघून हात थांबवता येतो. उकळतं पाणी दुसऱ्यांदा मागितलं तर देतात.

शाकाहार, उपवास, साखर

सोबतचा अर्ज सहलीच्या निदान पंधरा दिवस आधी भरून द्या. तिथं ऐनवेळी सांगून भागत नाही, सगळं सकाळीच तयार झालेलं असतं.

नुसतं 'शाकाहारी' लिहिलंत तर मांस-मासे वगळतील, अंडं नाही. केकमध्ये अंडं असतंच, आणि स्कोनच्या पिठात नसलं तरी वरून चकाकीसाठी फासलेलं असू शकतं. अंडं चालत नसेल तर वेगळं, ठळक लिहा. जेलीसारख्या थरथरत्या गोड पदार्थांत जिलेटिन असतं, ते जनावराचं. काही चीजमध्येही वासराच्या पोटातलं रेनेट असतं. 'स्मोक्ड सॅमन' म्हणजे मासा, गुलाबी रंगाला फसू नका. जैन मंडळींनी कांदा, लसूण आणि कंदमुळं नावं घेऊन लिहावीत, तिथं 'जैन' म्हणून समजेलच असं नाही. मधुमेह असेल तर सँडविचं वाढवून आणि गोड कमी करून मागतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी वेळ आम्हाला आदल्या दिवशी सांगावी.

उरलेलं थोडक्यात

साडी, पंजाबी ड्रेस, शर्ट-पँट, काहीही चालेल. चपला मात्र गवतात आणि खडीवर चालता येतील अशा, आणि छत्री जुलैतही. वाड्याचं तिकीट आणि चहा सहलीच्या रकमेत धरलेला आहे. टिप आम्ही देतो, तुम्ही टेबलावर नोटा ठेवू नका. पूर्ण चहा नको असेल तर फक्त स्कोन, साय, जॅम आणि चहा असा 'क्रीम टी' मागवता येतो, तसं अर्जात खूण करा. सकाळचा नाश्ता त्या दिवशी हात आखडता घेऊन करा.

आणि आल्याची पूड, वेलची, चहा मसाला घरून आणलात तर बॅगेतच असू द्या. इंग्लंडमधल्या हॉटेलांच्या खोल्यांत सहसा पाणी तापवायची किटली असते. संध्याकाळी सातला कुणाच्या तरी खोलीत आपला चहा होतोच.