इराण आणि इराक: इस्तिकान एकच, बाजार दोन

पुण्याच्या भवानी पेठेतले एक ओळखीचे काका तीस वर्षं घाऊक चहा विकतात. गेल्या वर्षी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "अगं, इराण-इराककडे मागणी चांगली आहे म्हणतात. कागदपत्रांचं तू बघ, मालाचं मी बघतो." मी निर्यातीच्या कागदपत्रांचंच काम करते, त्यामुळे हा जोडशब्द मला नवा नाही. दोन नावांत एका अक्षराचा फरक आणि सीमेला सीमा लागलेली, म्हणून आपण त्यांचा एकच बाजार धरून चालतो. चहाच्या धंद्यात ही गफलत फार महागात पडू शकते.

गफलत होण्यासारखं साम्य आहे, हेही खरं. दोन्हीकडे चहा दिवसभर चालतो, तोही बिनदुधाचा. काचेच्या छोट्या ग्लासाला दोन्हीकडे इस्तिकान म्हणतात. बाकीचे बहुतेक अरब 'शाय' म्हणतात, पण इराकी माणूस इराण्यासारखा 'चाय'च म्हणतो. आणि दोघांनाही भारताकडून मुख्यतः ऑर्थोडॉक्स चहा हवा असतो, म्हणजे पान वळून केलेला, लांब पत्तीचा. आपल्या घरातली दाणेदार ममरी, म्हणजे सीटीसी, तिथे फारशी कामाची नाही.

हे काकांना पटेना. मग त्यांच्याच दुकानात दोन काचेचे ग्लास घेतले. एका किटलीत ममरी, दुसरीत आसामचा ऑर्थोडॉक्स, दोन्हींत सारखंच वजन आणि उकळतं पाणी. चव घेणारे लोक चहा पाच-सहा मिनिटंच मुरवतात, पण इराणी समोवारवर, म्हणजे पाणी सतत गरम ठेवणाऱ्या उंच भांड्यावर, किंवा बगदादच्या चहाखान्यात किटली बराच वेळ मंद आचेवर असते, म्हणून आम्हीही वीस मिनिटं ठेवली. ममरीचा ग्लास गढूळ, तपकिरी झाला आणि घोट घेतल्यावर जीभ आखडली. ऑर्थोडॉक्सचा ग्लास खिडकीसमोर धरला, तर पलीकडचे गज लालसर दिसत होते. दूध घालणार नसाल तर हा रंगच विकायचा असतो. काका बराच वेळ तो ग्लास हातात धरून होते.

आता फरकाकडे येते.

पहिला फरक असा की इराण स्वतः चहा पिकवतो, इराक पिकवत नाही. कास्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतात लाहिजानजवळ चहाचे मळे आहेत. त्यांचं मूळ आपल्याकडचं आहे. भारतात इराणचे वाणिज्यदूत म्हणून आलेले काशेफ-अल-सल्तने १९व्या शतकाच्या अखेरीस कांगड्यात लागवड शिकले आणि रोपं घेऊन परतले. लाहिजानला त्यांची समाधी आहे आणि तिथेच चहाचं संग्रहालय. हा इतिहास मला फार जवळचा वाटतो, पण व्यापाऱ्याने त्यातून एवढंच घ्यायचं की इराणी सरकारला आपला शेतकरी सांभाळायचा असतो. त्यामुळे बाहेरचा चहा किती आणि केव्हा येऊ द्यायचा, हे तिथे सरकार ठरवतं. इराकमध्ये सांभाळायला चहा पिकवणारा शेतकरी नाही. तिथे तुमची गाठ पडते ती सिलोन, म्हणजे श्रीलंकेच्या चहाशी.

भाषाही वेगळी, फारसी आणि अरबी. इराणी व्यापारी लांब पत्तीला 'कलम' म्हणतो आणि तुकडा पत्तीला 'शिकस्ते'. आपली लेखणीची कलम आणि प्रयत्नांची शिकस्त, दोन्ही शब्द तिथूनच आलेत. पिण्याची रीतही निराळी: इराणी माणूस साखरेचा खडा दातांत धरून चहा पितो, इराकी माणूस ग्लासात साखर ढवळतो आणि पुष्कळदा वेलदोडाही घालतो.

पण खरा फरक पैशाच्या वाटेत आहे.

इराणला आपल्याकडून चहा रुपयांत जायचा. भारत इराणकडून तेल घ्यायचा, त्याचे रुपये युको बँकेत जमा व्हायचे आणि त्यातून आपल्या चहा-तांदळाच्या निर्यातदारांना पैसे मिळायचे. मे २०१९ मध्ये अमेरिकेने इराणी तेलावरच्या निर्बंधांतून भारताला दिलेली सवलत काढून घेतली, भारताने तेल घेणं थांबवलं आणि तो हौद हळूहळू आटला. २०१९ साली भारताने इराणला पाच कोटी किलोंहून जास्त चहा पाठवला होता, २०२३ मध्ये तो आकडा एक कोटीच्या खाली आला. खाद्यपदार्थ म्हणून चहावर अमेरिकेची बंदी नाही. अडतं ते बँकेपाशी, कारण इराणचं नाव दिसलं की बहुतेक बँका व्यवहाराला हातच लावत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे निर्बंधही परत लागू झाले.

शिवाय इराणच्या आयातदाराला आधी 'सब्त-ए-सफारेश' लागतो, म्हणजे मागणीची सरकारी नोंद. आपली 'शिफारस' याच शब्दाची बहीण. ही नोंद नसेल तर माल बंदरात उतरूनही उपयोग नाही. २०२२ च्या अखेरीस भारतीय चहा आणि बासमतीच्या नव्या नोंदी एकाएकी थांबल्या, तेव्हा ज्यांचा माल तयार होता ते हात चोळत बसले. पुढच्याच वर्षी, डिसेंबरमध्ये, इराणमध्ये उघड झालं की एकाच चहा-उद्योगसमूहाला आयातीसाठी ३.३७ अब्ज डॉलर्सचं स्वस्त परकीय चलन मिळालं होतं. त्यातला बराच पैसा चहासाठी वापरलाच नाही, असा आरोप झाला. अशा ठिकाणी नोंद कुणाला मिळणार, हे बाहेरच्याला कसं कळावं?

इराकची अडचण निराळी आहे. तिथे डॉलर आहेत. देशाच्या तेलाचा पैसा २००३ पासून न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेतल्या, खात्यात जमा होतो. पण २०२२ च्या अखेरीपासून तिथून डॉलर सोडताना कसून तपासणी होऊ लागली. सरकारी दर एका डॉलरला सुमारे १,३०० दिनार आणि बाजारातला त्याहून चढा. तुमच्या गिऱ्हाइकाला सरकारी दराने डॉलर मिळाला तर सौदा ठरल्याप्रमाणे, नाहीतर तो चालढकल करतो किंवा दुबईतल्या तिसऱ्याच कंपनीकडून पैसे पाठवतो. तिसऱ्याकडून पैसे यायचे असतील तर ते करारात आधीच लिहून घ्या आणि आपल्या बँकेला आधी सांगा. मागाहून सांगितलं तर बँकेकडून प्रश्नांची सरबत्ती होते.

मागणीचं म्हणाल तर ती खरी आहे. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांवर बंदी घातली आणि पुढच्या वर्षी तिथलं उत्पादन सुमारे ३० कोटी किलोंवरून २५ कोटींवर घसरलं. सिलोनवर वाढलेले इराकी खरेदीदार तेव्हा आसामकडे वळले आणि आता इराक भारतीय चहाच्या मोठ्या गिऱ्हाइकांत गणला जातो. श्रीलंका मात्र सावरली आहे आणि आपलं जुनं गिऱ्हाईक ती सहज सोडणार नाही, हे दर लावताना लक्षात असू द्या.

कागदांचं थोडक्यात. टी बोर्डाचा निर्यात परवाना आणि आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा सरकारी क्रमांक, दोन्ही देशांसाठी लागतात. इराकसाठी माल निघण्याआधी त्यांच्या मानकांप्रमाणे तपासणी करून अनुरूपतेचा दाखला घ्यावा लागतो. कंटेनर बंद करण्याआधी आत शिरून वास घ्या. आधी मसाला किंवा मासळी गेली असेल तर चहा तो वास हमखास ओढून घेतो. विम्याच्या बाबतीत मात्र दोन्ही देश खरोखर सारखे आहेत: इराकचं उम्म कसर काय आणि इराणचं बंदर अब्बास काय, बोट होर्मुझच्या सामुद्रधुनीतूनच जाते. तिथे तणाव वाढला की भाडं आणि विम्याचा हप्ता दोन्ही वाढतात, म्हणून दर देताना त्याची मुदत पक्की लिहा.

माझं मत विचाराल तर नव्या माणसाने आज इराकपासून सुरुवात करावी, छोट्या लॉटने, निम्मे पैसे आगाऊ घेऊन. इराणला हात घालावा तो समोरच्या आयातदाराची नोंद डोळ्यांनी पाहिल्यावर आणि आपल्या बँकेने लेखी होकार दिल्यावरच. तोंडी होकारावर माल भरलेला एक जण मला माहीत आहे, त्याच्या बिलाचे पैसे दोन वर्षं अडकले.

काकांनी इराक धरलं. गुवाहाटीच्या लिलावातून घेतलेले तीन नमुने आम्ही बगदादला पाठवले. पहिल्या दोघांवर उत्तरच नाही. तिसऱ्यावर व्हॉट्सॲपवर फोटो आला, टेबलावर इस्तिकान, बाजूला चमचा, आणि खाली दोन ओळी: पत्ती चालेल, रंग जरा गडद हवा. सध्या काका सेकंड फ्लशच्या, म्हणजे हंगामातल्या दुसऱ्या बहराच्या, मालाची वाट बघतायत.