गोळ्या सुरू आहेत आणि एसजीपीटी वाढलंय

नवं औषध सुरू होऊन महिना झालेला असतो. डॉक्टरांनी सांगितलेली रक्ततपासणी होते आणि रिपोर्टमध्ये एसजीपीटीसमोर ७८ हा आकडा ठळक छापून येतो. शेजारी सामान्य मर्यादा ४०. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि काहीजण परस्पर गोळ्या बंद करून मोकळे होतात.

एसजीपीटी, म्हणजेच एएलटी, हे यकृताच्या पेशींच्या आत काम करणारं विकर (एन्झाइम). पेशी दुखावली की ते रक्तात झिरपतं. म्हणजे हा आकडा पेशींना इजा होत असल्याचं सांगतो. यकृत किती काम करतंय, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य), अल्ब्युमिन (यकृतात बनणारं प्रथिन) आणि रक्त गोठण्याची चाचणी पाहावी लागते. जुना सिरोसिस, म्हणजे यकृतावर व्रण पडून ते कडक होण्याचा आजार, असलेल्या माणसाचं एसजीपीटी अगदी नॉर्मलही येऊ शकतं.

त्याचा जोडीदार एसजीओटी तर आणखी बेभरवशाचा. तो हृदयात, स्नायूंत आणि तांबड्या पेशींतही असतो. १९५४ मध्ये तो पहिल्यांदा गाजला तोच मुळी हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तात वाढतो म्हणून! आदल्या दिवशी जिममध्ये जोरदार वजनं उचलली असतील तरी दोन्ही आकडे वर जातात, आणि ते उतरायला आठवडाही लागू शकतो. अशा वेळी सीपीके ही स्नायूंची चाचणी केली की उलगडा होतो.

डॉक्टर पाहतात ते मर्यादेच्या किती पट वाढ झाली आहे. ७८ म्हणजे दुपटीच्या आत. आयसोनियाझिड हे क्षयरोगावरचं औषध घेणाऱ्यांपैकी साधारण १० ते २० टक्के लोकांची विकरं थोडीफार वाढतात आणि बहुतेकांची गोळी चालू असतानाच खाली येतात, कारण यकृत औषधाशी जुळवून घेतं. म्हणून क्षयरोगाच्या उपचारात सर्वसाधारण नियम असा: मळमळ, पोटदुखी, कावीळ अशी लक्षणं असतील तर तिपटीला आणि काहीच त्रास नसेल तर पाचपटीला औषध थांबवायचं. तेही डॉक्टरांनी, कारण मधेच सोडलेल्या उपचारामुळे जंतू औषधाला दाद देईनासे होतात. फिट्सची गोळी अचानक सोडली तर धोका वेगळाच.

खरी घंटा वाजते ती दोन आकडे एकत्र वाढले की. हायमन झिमरमन या यकृततज्ज्ञांचं निरीक्षण आजही वापरात आहे: औषधामुळे एसजीपीटी तिपटीहून जास्त आणि बिलिरुबिन दुपटीहून जास्त झालं, अल्कलाइन फॉस्फटेज (पित्ताचा मार्ग तुंबला की वाढणारं विकर) फारसं वाढलेलं नसलं आणि दुसरं कारणही सापडलं नाही, तर अशा सुमारे दहांतल्या एका रुग्णाचं यकृत निकामी होऊन जीव धोक्यात येतो.

प्रत्येक औषधाला दर महिन्याची तपासणी लागत नाही. स्टॅटिन ही कोलेस्टेरॉलवरची गोळी घेणाऱ्यांची ठरावीक काळाने यकृत-चाचणी करण्याची शिफारस अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१२ मध्ये काढून टाकली. मेथोट्रेक्सेट या संधिवातावरच्या औषधाला मात्र ती नियमित लागतेच. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित रिपोर्ट असतो तो औषध सुरू करण्याआधीचा. फॅटी लिव्हरमुळे आकडा आधीपासूनच ७० असेल, तर ७८ चा दोष गोळीला कसा द्यायचा?

डॉक्टरांना सांगताना जडीबुटीची चूर्णं, व्यायामाच्या पावडरी आणि दारू यांपैकी काहीही गाळू नका. पॅरासिटामॉल तर हमखास विसरलं जातं, कारण सर्दीच्या गोळ्यांतही ते असतं. धडधाकट माणसांनी रोज ४ ग्रॅम, म्हणजे कमाल मात्रेइतकं, दोन आठवडे घेतलं तेव्हा सुमारे तिघांतल्या एकाचं एसजीपीटी तिपटीवर गेलं होतं.

औषध थांबवल्यावर एसजीओटी आधी उतरतं. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्मं व्हायला जेमतेम १७ तास लागतात, तर एसजीपीटीला जवळपास दोन दिवस. त्यामुळे लगेच दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त देऊन फारसं काही हाती लागत नाही. अंगाला खाज, उलट्या, भूक मरणं, गडद लघवी यांतलं काही सुरू झालं तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रिफाम्पिसिन या क्षयरोगावरच्या औषधाने लघवी नारिंगी होते, तो निव्वळ औषधाचा रंग. पण डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागला, तर त्याचं खापर औषधाच्या रंगावर फोडू नका.