बुद्धिजीवी (सोलापुरातील संज्ञा आणि वर्ग)

बुद्धिजीवी : अंगमेहनतीऐवजी बुद्धीच्या कामावर पोट भरणारा माणूस. ‘श्रमजीवी’च्याच साच्यातला हा शब्द. त्यातला ‘जीवी’ उपजीविका सांगतो, विद्वत्ता नव्हे. या हिशेबाने वकील, डॉक्टर, प्राध्यापक आणि गिरणीतला कारकून सगळेच बुद्धिजीवी ठरतात. पण कारकुनाला तसे म्हणतो कोण? सार्वजनिक प्रश्नावर तोंड उघडणाऱ्यालाच ही पदवी मिळते, तीही बऱ्याचदा टोमण्यासकट. टोमणा जुनाच आहे. फ्रान्समध्ये १८९८ साली ड्रायफस या देशद्रोहाच्या खोट्या आरोपात अडकलेल्या ज्यू लष्करी अधिकाऱ्याची बाजू घेणाऱ्या लेखक-प्राध्यापकांना विरोधकांनी याच अर्थाच्या शब्दाने हिणवले होते.

सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू शेजारी नांदतात, त्यामुळे शब्दांची तुलना घरबसल्या होते. कानडीतही ‘बुद्धिजीवी’च चालतो. तेलुगूत मात्र ‘मेधावी’ आणि उर्दूत ‘दानिशवर’. हे दोन्ही शब्द गुण सांगतात, पोटापाण्याचे नाव काढत नाहीत. मराठीतला जुना ‘पांढरपेशा’ याच्या दुसऱ्या टोकाला : त्यात प्रतिष्ठा आहे, विचाराची अट नाही.

सोलापुरात कापडगिरणी १८७७ मध्ये सुरू झाली आणि शहर कामगारांचे झाले. साहजिकच इथला विचार करणारा माणूस कामगारवस्तीपासून फार लांब राहू शकला नाही. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या आंदोलनात डॉ. कृ. भी. अंत्रोळीकर पुढारी होते, तर ‘कर्मयोगी’चे संपादक रामभाऊ राजवाडे यांना लष्करी कायद्याखाली शिक्षा झाली. याच आंदोलनापायी १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या चौघांपैकी कुर्बान हुसेन ‘गझनफर’ हे पत्र चालवत आणि कामगारांतही वावरत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे हे बाकीचे तिघे. एखाद्या वर्गाच्या पोटातूनच त्याचे विचारवंत घडतात, हे म्हणणे ग्रामची या इटालियन मार्क्सवाद्याने इटलीच्या तुरुंगातल्या वह्यांत मांडले. त्या वह्यांचे लेखन तेव्हा नुकतेच सुरू झाले होते.

पुढे दयानंद (१९४०) आणि संगमेश्वर (१९५३) ही महाविद्यालये निघाली, २००४ मध्ये विद्यापीठ आले, आणि पगारी प्राध्यापकांचा वर्ग वाढला. बोलीत मात्र बुद्धिजीवी हा शब्द फारसा उतरला नाही. तो भाषणातला आणि अग्रलेखातला. विडी आणि यंत्रमाग कामगारांचे नेते, तीन वेळा आमदार झालेले नरसय्या आडम यांना शहर आजही ‘आडम मास्तर’ म्हणते.