‘अंकउड्या’ सुरू करण्याआधी: पालकांसाठी माहितीपत्रक

‘अंकउड्या’ या आमच्या पडद्यावरच्या गणिताच्या खेळात नाणी, तारे, बक्षिसं फारशी नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. गणिताच्या बऱ्याच खेळांत आधी बेरीज सोडवायची, मग गाडी पळवायला मिळते. तिथे गणित म्हणजे टोलनाका. मूल काहीतरी उत्तर ठोकतं आणि सुटतं. आम्हाला गाडीच गणितावर चालवायची होती.

सुरुवात एक ते दहा घरांच्या सरळ पट्टीने होते. बेडूक पाचावर, फाशावर दोन. बहुतेक मुलं घरं मोजताना ‘एक, दोन’ म्हणतात. आमचा बेडूक मात्र उडी मारताना ‘सहा, सात’ म्हणतो, आणि थोड्या डावांत मूलही तसंच म्हणू लागतं. सात हे पाचाच्या पुढे किती लांब आहे, ते त्याला डोळ्यांनी दिसतं. रॉबर्ट सीगलर आणि गीता रमणी या संशोधकांनी 2008 साली अशाच अंकपट्टीचा खेळ लहान मुलांकडून साधारण 15 मिनिटांच्या चार बैठकांत खेळून घेतला. मुलांचा संख्यांचा अंदाज सुधारला. आकड्यांऐवजी नुसते रंग असलेल्या पट्टीवर तसं झालं नाही.

दोन अंकी संख्यांवर मूल अडखळलं तर रागावू नका. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना दोन. म्हणून 52 लिहिलं जातं. ‘एकोणतीस’ ऐकून 39 लिहिणाऱ्या मुलाचंही काही चुकत नाही, तीस तर त्याने नीट ऐकलेले असतात! एकोण म्हणजे एक ऊन, एक कमी. पडद्यावर दहा-दहा मण्यांच्या तीन माळा येतात, शेवटच्या माळेतला एक मणी गळून पडतो आणि मग आवाज येतो, ‘एकोणतीस’.

चुकीच्या उत्तराला आम्ही पूर्वी ‘फुस्स’ असा आवाज ठेवला होता. मुलांना तो इतका आवडला की मुद्दाम चुकीची उत्तरं यायला लागली. आता चुकलं की बेडूक चुकलेल्या घरावरच बसून राहतो आणि तिथून योग्य घर किती उड्या दूर आहे ते मोजायला लावतो. घड्याळही काढून टाकलं. घाईत मुलं विचार न करता बटणं दाबतात.

दिवसाला 15 मिनिटं पुरे. तीन-चार वर्षांच्या मुलांनी पडद्यासमोर बसण्याचा सगळा वेळ मिळून दिवसाला एक तासापेक्षा जास्त नसावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं आहे, आणि त्यात कार्टूनही धरायचं. पहिले काही दिवस शेजारी बसा. उत्तर सांगू नका, ‘कसं काढलंस?’ एवढंच विचारा. बरोबर उत्तरालाही विचारा.

मूल एकाच पातळीवर दोन-तीन दिवस अडलं तर ‘पालक’ बटण दाबून संख्यांची मर्यादा कमी करा. पातळी खाली आल्याचं मुलाला पडद्यावर कुठेही दिसत नाही.