संगणकाने इशारा दिला नाही, म्हणजे औषध निर्धोक?

मेथोट्रेक्सेट हे आमवातावरचं फार उपयोगी औषध. आमवातात ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. तेच चुकून रोज घेतलं गेलं, तर अस्थिमज्जेत नव्या रक्तपेशी तयार होणं मंदावतं, तोंडात व्रण येतात, साधा जंतुसंसर्गही आवरत नाही. या एका चुकीने रुग्ण दगावले आहेत.

आता औषध दुकानातल्या संगणकाला यातलं काय दिसतं ते पाहू. बारकोड स्कॅन केला: औषध बरोबर, गोळीची ताकद बरोबर. एका वेळचा डोसही मर्यादेत. चूक आहे ती फक्त ‘रोज’ या शब्दात. म्हणून चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये या औषधापुढे ‘आठवड्यातून एकदा’ हे आधीच भरलेलं असतं. कुणी ‘रोज’ टाकलं, तर कारण नोंदवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सरसकट बंदी घालून चालत नाही, कारण काही कर्करोगांत हे औषध लागोपाठ काही दिवस देतात. लेबलवर ठरलेला वार छापला, तर घरी होणारा घोळही टळतो. ही सोय दिसायला किरकोळ आहे, पण माझ्या मते दुकानातल्या कुठल्याही भपकेबाज तंत्रज्ञानापेक्षा मोलाची.

समजा, याच रुग्णाला लघवीचा जंतुसंसर्ग झाला आणि दुसऱ्या डॉक्टरांनी को-ट्रायमॉक्साझोल लिहून दिलं. दोन्ही औषधं शरीरातल्या फोलेटच्या, म्हणजे नव्या पेशी बनायला लागणाऱ्या जीवनसत्त्वाच्या, कामात अडथळा आणतात. एकत्र आली, की अस्थिमज्जेला दुहेरी फटका बसतो. दोन्ही नावं एकाच नोंदीत असतील, तर संगणक हे क्षणात पकडतो. पण रुग्ण वेगळ्या दुकानात गेला, तर तिथल्या संगणकाला मेथोट्रेक्सेटचा पत्ताच नसतो. पडद्यावर काहीच उमटत नाही, आणि सगळे समजतात की सारं ठीक आहे. सर्वांत मोठा धोका मला इथेच दिसतो.

एस्टोनियात २०१० पासून प्रिस्क्रिप्शन देशव्यापी संगणकीय प्रणालीत जातं आणि रुग्ण कोणत्याही दुकानातून औषध घेऊ शकतो. अशा सामाईक नोंदीने बरीच पोकळी भरते. तरी डॉक्टरांनी औषध बंद केल्याची खबरही तितक्याच तत्परतेने दुकानात पोहोचायला हवी. नाहीतर जुनं प्रिस्क्रिप्शन चालूच राहतं आणि बंद झालेली गोळी दर महिन्याला दिली जाते.

इशारे फार झाले, तरी पंचाईत. डॉक्टर संगणकावर औषध लिहितात तेव्हा येणाऱ्या इशाऱ्यांवरच्या अभ्यासांचा २००६ साली आढावा घेतला गेला. त्यात ४९ ते ९६ टक्के इशारे डावलले गेल्याचं दिसलं. याला निष्काळजीपणा म्हणणं अन्यायाचं ठरेल. दोन गोळ्यांत थोडं अंतर ठेवा, ही सूचना आणि जिवावरचा धोका दोन्ही सारख्याच लाल चौकटीत आले, तर गर्दीच्या वेळी माणूस दोन्ही चौकटी बंद करतो. गंभीर इशारे मोजकेच ठेवायचे आणि त्यांच्यासोबत पर्यायी औषधही सुचवायचं, हाच त्यावर उपाय.

तीस दिवसांच्या गोळ्या नेलेला रुग्ण पंचेचाळीसाव्या दिवशी परत आला, तर मधला खंड संगणक दाखवतो. गोळ्यांनी चक्कर येत होती, पैसे नव्हते की आधीच्या गोळ्या शिल्लक होत्या, हे मात्र विचारावंच लागतं.

इंग्लंडमधल्या ७२ दवाखान्यांत झालेला एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. धोक्यातले रुग्ण, उदाहरणार्थ पोटात अल्सर होऊन गेलेला असूनही पोटाचं रक्षण करणाऱ्या औषधाविना पोटाला त्रासदायक वेदनाशामक घेणारे, संगणकाने शोधून काढले. काही दवाखान्यांना नुसती माहिती दिली. बाकीच्या ठिकाणी फार्मासिस्टने डॉक्टरांसोबत बसून या रुग्णांच्या औषधांत दुरुस्त्या घडवून आणल्या. सहा महिन्यांनंतर फार्मासिस्ट असलेल्या दवाखान्यांत अशा चुका लक्षणीयरीत्या कमी होत्या.